मोज्याच्या आतला धागा

“उलटी बाजू दाखव, मग बोल.”

आमच्या आत्याचं हे पालुपद. कुणी नवा स्वेटर घालून समोर आलं की रंग नाही, नक्षी नाही, ती सरळ कड परतून आत डोकावते. आत गाठी दिसल्या की नाक मुरडते.

आत्या दवाखान्यात केसपेपर काढून देते. ते पोटापाण्याचं काम. तिचं खरं राज्य तिथल्याच टेबलाच्या खालच्या खणात. तिथं लोकरीचे गुंडे, विणायच्या सुया, आणि सुटे धागे विणीत दडवायची एक जाड, बोथट सुई. मेंढीच्या लोकरीवर तिचा जीव. केसाळ लोकरीला ती ‘मांजर’ म्हणते आणि हातही लावत नाही. अवघड नक्षी असली की जमलेल्या ओळीतून पांढरा दोरा ओवून ठेवते. पुढे चुकलं तर उसवत आलेली वीण त्या दोऱ्याशी थांबते. इतकी सावध बाई मी दुसरी पाहिली नाही. सध्या सुयांवर एक तपकिरी शाल आहे आणि माझ्या वडिलांची बंडी. बंडी तीन हिवाळे काखेपाशीच अडली आहे. विचारलं तर म्हणते, “तुझा बाप दरवर्षी वीतभर रुंद होतो, मी काय करू?”

आमची मुलगी तीन आठवडे आधीच जन्माला आली. आत्यानं घाईघाईनं मोजे विणले, लाल रंगावर पांढरे चौकोन. अशा दोन रंगांच्या विणीत जो रंग पुढे नसतो त्याचा धागा आतून जातो. तो दर तीन टाक्यांना अडकवत जायचा, नाहीतर आत मोकळा फास लोंबत राहतो. बाळ घरी आलं त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं मोजे बाळाच्या पायांत घातले आणि कौतुक ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला नर्सबाई दवाखान्यात आत्याच्या खिडकीशी चहा घेत उभ्या होत्या. सहज म्हणाल्या, “काल एक बाळ आलं होतं हो. आईचा केस पायाच्या बोटाला गुंडाळलेला. बोट जांभळं पडलं होतं. अजून उशीर झाला असता तर बोट गेलंच असतं.”

आत्याचं पेन थांबलं. समोरचा पेशंट म्हणत होता, “बाई, वय लिहा, चाळीस.” तिला ऐकू येईना. लाल मोज्याची आतली बाजू ती मनात आणू पाहत होती आणि ती येत नव्हती. कारण तिनं ती पाहिलीच नव्हती.

तिनं तीनदा फोन लावला. बाळाची झोपमोड नको म्हणून आम्ही दोन्ही फोन मुके करून ठेवले होते. आणि झोप कसली! बाळ सकाळपासून रडून लाल झालं होतं. बायको म्हणत होती, पोट दुखत असेल. मी खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होतो.

खणातली बोथट सुई आणि कात्री मुठीत धरून आत्या दारातूनच ओरडली, “मोजे काढ!”

“आत्याबाई, अहो, पाय गार पडतील तिचे—” बायको म्हणाली.

“काढ म्हणते ना पोरी!”

डावा मोजा निघाला. उजवा ओढताच बाळानं टाहो फोडला. आत्यानं कात्रीनं मोजा टाचेपासून उभा कापला. करंगळीशेजारच्या बोटात पांढरा धागा रुतला होता. बोट फुगून काळपट निळं झालं होतं.

“पाय धर. हलू देऊ नकोस.”

मी दोन्ही हातांनी पाय धरला. बोथट सुईचं टोक तिनं धाग्याखाली सरकवलं, धागा केसभर उचलला आणि कापला. मग आम्ही तिघं त्या बोटाकडे बघत राहिलो. खूप वेळानं निळ्यात लाली उतरली.

“डॉक्टरांकडे ने. आत्ताच,” आत्या म्हणाली आणि उठली. “याच विणीचे अजून दोन जोड दिलेत मी. एक औषधवाल्याच्या नातवाला, एक शिक्षिकाबाईंच्या बाळाला.”

“औषधवाल्याला मी फोन करतो, आत्या.”

“कर. बाईंचा नंबर नाही माझ्याकडे. त्यांचं घर पार पुलापलीकडे.”

“थांबा, पाणी तरी घ्या,” बायको म्हणाली.

आत्या पायरी उतरली होती. पायांत दवाखान्यातल्या रबरी चपला, मुठीत ती सुई आणि कात्री. जवळजवळ पळतच ती वळणाकडे निघाली. बायको उघड्या पायांचं बाळ छातीशी घेऊन दारात उभी होती. मी तिच्या मागे, कानाला फोन लावून. औषधवाल्याकडे घंटी वाजत होती. आत्या वळणाआड गेली तरी ती वाजतच होती.