जावईबापूंचं पान हौदाच्या तळाशी

माझी नणंद कासवांच्या दवाखान्यात हौद धुते. सव्वीस वर्षं झाली. काय काम करतेस, असं कोणी विचारलं की ती एवढंच सांगते, "हौद धुते." बाकीचं मला सांगावं लागतं. माझ्या डायरीत ते तारखेनिशी आहे.

जाळ्यात अडकून जखमी झालेलं एक मोठं कासव मार्चमध्ये तिथे आलं. पाय बरा झाला, पण बुडी म्हणून मारीना. बुचासारखं तरंगत राही. फुप्फुसांचे फोटो काढले, काही सापडलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, की तीस जूनपर्यंत बुडालं नाही तर समुद्रात सोडता येणार नाही. मग जन्मभर प्रदर्शनातली काचेची टाकी.

त्या दिवशी नणंद घरी आली ती तणतणतच.

"वहिनी, त्याला आजार-बिजार काही नाही. लाडावून ठेवलंय आम्ही. काठावर बसून हाताने माकूल मासळी भरवतो. आयतं तोंडाशी आल्यावर खाली जाईल कशाला? जावईबापू झालेत नुसते!"

जखमी असताना भरवावंच लागत होतं. बरं झाल्यावर थांबायचं कोणाला सुचलं नाही, आणि सगळ्यांत जास्त भरवलं होतं ते हिनेच. हेही तिने डॉक्टरीणबाईंना स्वतःहून सांगितलं, आणि आता भरवणं बंद करून खाणं तळाशी ठेवू या म्हणाली.

"मावशी, आणि उपाशी मेलं तर?" बाईंनी विचारलं.

"रोज वजन करा. दोन किलोवर घटलं, तर मी पुन्हा भरवीन आणि कधी तोंड उघडणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून माकूल दगड बांधून तळाशी. कासव काठाशी येऊन तोंड वासून बसे. ही पाठ फिरवून शेजारचा हौद घासत राही. घरी मात्र तिच्या घशाखाली घास उतरेना.

"उपास त्याला आहे की तुला?" मी विचारलं.

"तुम्ही जेवा हो, वहिनी."

सहाव्या दिवशी वजन पावणेदोन किलो घटलेलं. सातव्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला.

"खाल्लं! आधी मान खाली घातली, मग पार्श्वभाग वर केला, आणि गेलं की सरळ तळाला! डॉक्टरीणबाई केवढ्यांदा ओरडल्या!"

"आणि तू?"

"मी कशाला ओरडू? मला माहीत होतं."

माहीत कसलं! आठवड्याभरात स्वतःच अर्धी झाली होती.

तीस जूनला त्याला किनाऱ्यावर नेलं. पुढची बाजू मावशींनीच धरायची, असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. कासव लाटेत शिरलं आणि दिसेनासं झालं. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटांनी खूप दूर एक डोकं वर आलं, श्वास घेऊन पुन्हा खाली गेलं.

"मेल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही," नणंद म्हणाली. लेक परीक्षेत पहिली आल्यावर सांगावं, अशा तोऱ्यात.