रडणाऱ्या पोरांच्या अक्का

अक्कांना रडणारी पोरं आवडत. मेहरूणमध्ये एका खोलीत आमचा शिवणवर्ग आणि शेजारच्या खोलीत शिकणाऱ्या बायकांची तान्ही पोरं, अक्कांच्या ताब्यात. तिकडे चार पोरांनी सूर लावला की मी वैतागायचे. "अक्का, इथं मला मापं सांगता येत नाहीत!" धुळ्याकडच्या अक्का आतूनच ओरडत, "रडू द्या हो ताई, जितं पोर रडस!"

सकाळी प्रत्येक पोराचं तोंड त्या हुंगून बघत. मजुरीला जाणाऱ्या बायका पोर निजून राहावं म्हणून अफूचा कण चाटवत. ती सवय आमच्या वर्गापर्यंत आली होती. वास आला की अक्का आईला दारातच झाडत, "पोर शे का गाठोडं?"

परीक्षेच्या आठवड्यात एकदा अक्कांना उशीर झाला. वर्गातल्या लताचा सहा महिन्यांचा मुलगा मीच आत ठेवला. गाढ झोपला होता. मला बरंच वाटलं. अक्का आल्या, त्यांनी त्याचा हात उचलून सोडला. तो लुळा खाली पडला. त्या मशीनवर बसलेल्या लतापाशी गेल्या. "त्याले काय दिधं?"

लता पांढरी पडली. "सासूबाईंनी... मोहरीएवढीच अफू."

रिक्षानं दवाखाना गाठला. दुपारपर्यंत डॉक्टर काही सांगेनात. लता आत, आम्ही दोघी बाहेर बाकावर. मी म्हणाले, "उद्यापासून हिला वर्गात घ्यायचं नाही. ही जबाबदारी कोण घेणार?"

"तिले काढशात ते ती कापूस येचाले जाई," अक्का म्हणाल्या. "मंग पोरगं दिवसभर सासूजोडे. सांगा, काढू?"

चारच्या सुमारास आतून पोराचा असा टाहो आला की नर्ससुद्धा हसली. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी त्या लताच्या घरी जाऊन थेट सासूलाच घेऊन आल्या. "मावशी, नातूले आठेच, या खोलीमा सांभाळा, मन्हा डोयासमोर." म्हातारी आठ दिवस फुगून बसली, मग इतरांची पोरंही मांडीवर घेऊ लागली.

लता पास झाली. शाळेच्या गणवेशांचं काम तिला मिळालं, पुढं तिनं दुसरं मशीन घेतलं. अक्का मुलीकडे पाचोऱ्याला राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. लता भेटली की अजून म्हणते, "ताई, तेव्हा तुम्ही दोघींनी मला सांभाळून घेतलं." मी मान हलवते. दवाखान्यातल्या बाकावर मी काय बोलले होते, ते अक्कांनी तिला कधीच सांगितलं नाही.