शिरीष वाळले ते वर्ष

डिंडोलीत आमच्या गल्लीसमोर विलायती शिरीषाची सात झाडं होती. रस्ता झाला तेव्हा महापालिकेनं लावलेली, पण जगवली माझ्या सासऱ्यांनी. आबा तेव्हा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. दिवसपाळीला निघण्याआधी प्रत्येक रोपाला एकेक बादली पाणी घालत. मी लग्न होऊन धुळ्याकडून इथं आले तोवर फांद्या रस्ता ओलांडून पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवर टेकल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नसे. गल्लीतल्या आम्ही आठ-दहा जणी त्या सावलीत चटया टाकून धागा कटिंग करायचो. म्हणजे साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कातरायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. माझी दोन्ही मुलं त्या चटयांवर रांगायला शिकली.

एका हिवाळ्यात कोवळ्या फांद्यांवर पांढरं पांढरं दिसायला लागलं. आम्ही लक्ष दिलं नाही. आमच्या भागात लूमची तुसं कुठं नसतात? विजेच्या तारांवर, खिडकीच्या जाळीवर, पाळीवरून परतणाऱ्या माणसांच्या भुवयांवर. झाडावरही असतील, इतकंच वाटलं.

आबांनी मात्र ओळखलं. लूमच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, नजर शाबूत आहे. त्यांनी काठीनं एक फांदी वाकवली, ते पांढरं चिमटीत धरून चुरडलं आणि बोटं माझ्यापुढं धरली. बोटांना पिवळट चिकटा लागला होता.

"हाई तुस नही शे, माय," ते म्हणाले. आबा घरात अहिराणीच बोलतात. "हाऊ किडा शे. कपाशीवर पिठ्या येस ना, तसाच."

आबा म्हातारे झाले, त्यांना सगळीकडे गावाकडची शेतीच दिसते, असं म्हणून घरात सगळे हसले. मीही हसले.

महिनाभरात झाडांखाली बसणं अवघड झालं. वरून बारीक, चिकट थेंब पडायचे. साडीवर पडले की त्यावर धूळ बसून काळा डाग उमटायचा. आम्हाला साड्या देणाऱ्या शेठचा माणूस गठ्ठे न्यायला आला, त्यानं दोन साड्या उलगडल्या आणि सगळा गठ्ठा माझ्या अंगावर टाकला. "आ डाघ कोण काढशे?" गुजरातीत ओरडला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चटया उचलून घरात गेलो. मग शेंड्याकडची पानं पिवळी पडून गळायला लागली.

आबा आणि आम्ही चौघी वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं अर्ज न वाचताच विचारलं, "झाड गिरा है क्या?"

"नहीं साहब, सूख रहा है."

"गिरेगा तब आना. फायरवाले आएँगे."

तीन फेऱ्यांनंतर बागखात्याचा एक तरुण साहेब आला. तो भला होता. बुंध्याला हात लावून बघितलं, फोटो काढले. "आ जीवात बहारथी आवी छे," म्हणाला. मग हिंदीत समजावलं की हा किडा परदेशातून आलाय, इथं त्याला खाणारं कोणी नाही, म्हणून असा पसरतो. त्यानं टँकर पाठवला. पण पाइपाचं पाणी अर्ध्या झाडापर्यंतच चढायचं. वरचा अर्धा भाग जसा होता तसाच राहिला. टँकर पुन्हा आला नाही. साहेबाची बदली झाली असं नंतर कळलं.

सोसायटीतले लोक गॅलरीतून बघत होते. त्यांच्यातले एक काका एकदा खाली येऊन मला म्हणाले, "तुमच्या गावाकडं कपाशी असते ना? सामानातून तुम्हीच आणला असाल." घरी येऊन मी आमच्या गाठोड्यांत, गोण्यांत खरंच बघितलं. कशासाठी बघितलं, आजही कळत नाही.

मग आबांनी स्वतः सुरुवात केली. मुंग्या या किड्यांचा गोड चिकटा खातात आणि पिल्लं उचलून वर नेतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ओळखीच्या लूम मालकाकडून त्यांनी वापरलेलं काळं ग्रीस डब्यात भरून आणलं. मी फाटक्या साड्यांच्या पट्ट्या कापल्या. आम्ही सातही बुंध्यांना पट्ट्या गुंडाळून त्यांवर ग्रीस लावलं. माझ्या नवऱ्यानं गावाहून पाठीवरचा फवारणीपंप आणला. रविवारी तो पत्र्यावर चढून साबणाचं पाणी मारायचा, खाली आम्ही बायका बादल्या भरून द्यायचो. आधी हसणारे शेजारी नंतर बादल्या उचलायला आले. पडलेली फांदी आबा तिथल्या तिथं पेटवायचे. सगळ्यांना बजावायचे, "जठे तोडा, तठेच जाळा. घरमा नका नेऊ."

तरीही सहा झाडं वाळलीच. पण फाल्गुनात ओळीतल्या पाचव्या झाडाला पालवी फुटली. थोडीच, एका बाजूच्या दोन फांद्यांना. आबा रोज सकाळी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसायचे. इतके खूश मी त्यांना नातू झाला तेव्हाच पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी कंत्राटदाराची माणसं आली. वेळ दुपारची, आबा जेवून झोपले होते. सोसायटीनं तक्रार केली होती की वाळलेल्या फांद्या गाड्यांवर पडतील. यादीत सात झाडं होती. मी पळत जाऊन त्यांच्या मुकादमाला पाचवं झाड दाखवलं. "हे जिवंत आहे, दादा. पालवी बघा."

तो जळगावकडचा निघाला. वर बघून म्हणाला, "दिसतंय ताई. पण कागदावर सात आहेत. सहा तोडली तर मला पुन्हा यावं लागेल."

"आमचे आबा..."

"बोलवा त्यांना. माझं काही नाही."

मी घरात गेले. करवत सुरू झाली होती. आबांना काही ऐकू येत नव्हतं, ते भिंतीकडं तोंड करून गाढ झोपले होते. मी त्यांच्या खांद्याजवळ हात नेला. वाटलं, उठवलं तर हे धावत जातील, झाडाला धरून उभे राहतील, ती माणसं यांना ढकलतील, यांचं काही बरंवाईट होईल. मी हात मागं घेतला. हेच कारण होतं असं मी स्वतःला सांगते. पण मी थकलेही होते. अर्ज, बादल्या, ग्रीसनं काळे झालेले हात, सगळ्याला कंटाळले होते. एकदाचं संपू दे, असंही त्या क्षणी वाटून गेलं.

ते उठले तेव्हा उन्हाचा पट्टा दारातून थेट त्यांच्या अंथरुणावर आला होता. त्या घरात तसं ऊन कधी येत नसे. ते उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"माले काबर नही उठाडं, माय?" एवढंच विचारलं.

झाडांचा पालापाचोळा उघड्या ट्रकमधून गेला, वाटेत रस्त्यावर सांडत. जाड लाकूड कंत्राटदारानं नेलं. बारीक फांद्या ज्याला हव्या त्यानं घ्या म्हणून सोडून दिल्या. पाणी तापवायला चुलीला होतील म्हणून सगळी गल्ली त्यावर तुटून पडली. आबांचं सांगणं मला पाठ होतं. तरी मी दोन मोळ्या बांधल्या आणि नवागामला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याच्या रिक्षातून पाठवून दिल्या. तिच्याकडं गॅस पुरत नसे. मला तिची कणव आली होती.

दिवाळीनंतर भाऊबीज उरकून मी तिच्याकडं गेले. माझ्या मोळ्यांतली उरलेली लाकडं तिनं घरामागं शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. भिंतीच्या आत मोठा शिरीष. भिंतीवर आलेल्या त्याच्या फांदीवर पांढरं दिसत होतं. मी जवळ जाऊन बोटानं चुरडलं. बोटाला तोच पिवळट चिकटा लागला.

शाळेत जाऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज करतो." होळीपर्यंत ते झाड वाळून गेलं. बहिणीला मी मोळ्यांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं आक्का, हा किडा पार लांब कामरेजपर्यंत पोचलाय म्हणतात. ट्रकनं गेला असेल, वाऱ्यानं गेला असेल. तुझ्या दोन मोळ्यांनी काय होतंय!" ती खरं बोलत असेलही. मला त्यानं हलकं वाटलं नाही.

आबांना मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मोळ्यांचं, शाळेच्या झाडाचं, आणि त्या दुपारी मी हात मागं घेतला होता तेही. त्यांना नीट ऐकू गेलं असणार, कारण त्यांचे डोळे भरून आले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लाकडं शेतस का आखो तठे?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. सगळी जाळली."

त्यांनी मान हलवली आणि हातातला चहाचा कप न पिताच माझ्याकडं परत दिला. त्यानंतर आमच्या घरात झाडांचा विषय निघाला नाही.