ताणावरच्या बागेला पाणी

मी सांगलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. तेवढ्यावर भागलं असतं, पण मला हौस दांडगी. मामांच्या बागेत मी नाक खुपसलं ते त्या हौसेपायीच.

मामांची डाळिंबाची बाग आटपाडीकडं आहे. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी महिनाभर पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, बघवत नाही, पण मग पहिलं पाणी दिलं की सगळी झाडं एकदम कळी धरतात. मध्येच पाणी गेलं तर फूल मागंपुढं येतं आणि सगळा बहार बिघडतो. मामांचा एक तुकडा ताणावर होता. दुसऱ्यात नवी रोपं, त्यांना रोज पाणी. मोटर मात्र दोन्हींना एकच.

लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून मोटर कायम ऑटोवर, लाईट आली की आपोआप सुरू होणारी. कुठला व्हॉल्व उघडा ठेवायचा ते बाग सांभाळणारे काका बघायचे. त्यांनी ही झाडं लावल्यापासून बघितलेली. मी म्हटलं, हे काम प्रोग्राम करेल. लाईट आली, माती कोरडी असली आणि तुकडा ताणावर नसला, तरच व्हॉल्व उघडायचा. घरी टेबलावर चार दिवस चालवून बघितलं, एकदाही चुकलं नाही. मग प्रोग्राम भरलेलं ते सर्किट पंपाच्या खोलीत बसवून आले.

आठवड्याभरात मामांचा फोन आला की ताणावरच्या तुकड्यात ओल दिसतेय. मी सांगलीतूनच नोंदी तपासल्या. तो व्हॉल्व उघडल्याची एकही नोंद नव्हती. मी मामांना सांगून टाकलं, "प्रोग्रामनं उघडलेला नाही. माणसानंच उघडला असणार." त्या खोलीत मामांशिवाय जाणारा माणूस एकच होता. मामांनी काकांकडून खोलीची किल्ली काढून घेतली. "मी हात लावला नाही," एवढंच काका म्हणाले म्हणे.

चार दिवसांनी पुन्हा ओल. त्या दिवशी काका लेकीकडं कुंडलला गेले होते आणि किल्ली मामांच्या खिशात होती. मामा मला विचारायला लागले, मग कुणी उघडला? नोंदी पुन्हा बघितल्या, कोरी पाटी. दुसऱ्या दिवशी मी एसटी धरली.

लाईट गेल्याआल्यासारखं व्हावं म्हणून पंपाच्या खोलीत बसून मी मेन स्विच बंद करायचे आणि परत चालू करायचे. पहिल्या वेळी व्हॉल्व गप्प. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी गप्प. चौथ्या वेळी खट्‌ आवाज झाला आणि पाणी सुटलं. पुढच्या वेळी परत गप्प. मधल्या वेळात मी प्रोग्रामचं एक अक्षर बदललं नव्हतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या तासाभरात तोही ठेवायची माझी तयारी झाली होती. काका बाहेर बांधावर बसले होते. एरवी चहा घेऊन आत येणारा माणूस, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हता.

दहाव्या खेपेनंतर मी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. प्रत्येक तुकड्यासाठी त्यात एक ऑब्जेक्ट होतं, म्हणजे त्या तुकड्याची माहिती आणि नियम सांभाळणारा भाग, आणि ते घडवणारा कोड म्हणजे त्याचा कन्स्ट्रक्टर. त्याच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की लाईट आली की मला हाक मारा. आपण ताणावर आहोत हे त्याला कळायचं त्याच्या पुढच्या ओळीत, आणि नोंद ठेवायची वही हातात यायची अगदी शेवटी. घरी लाईट आल्याची हाक मी स्वतः बटण दाबून द्यायचे, सगळं सावकाश जुळल्यावर. इथं सर्किट आणि लाईट एकदमच जागे होत. कधीकधी हाक आधी पोचायची, आणि अर्धवट घडलेलं ते ऑब्जेक्ट ओ द्यायचं. माती कोरडी, ताणाचा पत्ता नाही, उघड व्हॉल्व. वही नसल्यामुळं नोंदही नाही.

हाक मारायला सांगणारी ओळ मी सगळ्यात शेवटी नेली. दोन मिनिटांचं काम. नंतर वीस वेळा स्विच मारला, व्हॉल्व हलला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाजच वाटत होती.

मामांना आत बोलावलं आणि काकांनाही. चूक माझी होती, काकांची नव्हती, हे सांगितलं. आता ताण नव्यानं द्यावा लागणार आणि बहार लांबणार, हे मामांना कळलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि काकांपुढं धरली.

काकांनी ती लगेच घेतली नाही. आधी सर्किटकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, सकाळधरनं त्या मशीनला धा येळा इचारलंसा," ते म्हणाले. "मला एकदा तरी इचारायचं हुतं."