आजोबांच्या नावाची फाइल

आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मला माझ्या आजोबांचं, वडिलांना त्यांच्या आजोबांचं. त्यामुळे पूर्ण नाव लिहिलं, की मी आणि आजोबा अगदी एकच.

निवृत्तीनंतर धुळ्याच्या घरी मी जुने दाखले, फोटो स्कॅन करायला घेतले. फाइलींना नावं द्यायचा नियमही ठरवला: आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. बायको म्हणाली, "पुढे साल टाका हो, घोळ होईल." मी खेकसलो, "जन्मभर ऑफिसात फायलीच लावल्या, आता तू शिकव मला!"

आजोबा गेले तेव्हा वडील, म्हणजे आमचे आबा, जेमतेम दहा वर्षांचे होते. आजोबांचा एकच फोटो, तोही फ्रेमच्या काचेला चिकटलेला. मी तो काचेसकट स्कॅन केला आणि मग नवी फ्रेम करावी म्हणून सोलायला गेलो, तर चेहराच काचेवर राहिला. फार वाईट वाटलं. पण म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरमध्ये आहे ना. तुकडे कचऱ्यात टाकले.

आठवड्याने माझा नोकरीतला जुना फोटो स्कॅन केला. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? मी न वाचताच 'हो' दाबलं. कसली घाई होती मला, देव जाणे.

दिवाळीला भडगावला आबांकडे गेलो. आबांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. म्हणाले, "मना बापना फोटो दखाड." मी मोबाइलवर आजोबांच्या फोटोची फाइल उघडली आणि माझाच चेहरा समोर आला. आबांनी हात पुढे केला होता, मी तसाच मोबाइल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. काचेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघत राहिले.

"टोपी कोठे शे?"

"फोटोवाल्याने काढायला लावली असेल," मी म्हणालो. सत्तरीच्या घरात आलेला माणूस मी, आणि बापाशी खोटं बोललो.

"मना बाप कोनापुढे बी टोपी काढे नही," आबा म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

त्यानंतर त्यांनी तो फोटो कधीच मागितला नाही.