पद्माचे स्टडचे बूट

खडेबाजारात मुलीसाठी फुटबॉलचे बूट बघत होते. दुकानदारानं खोका उघडला, नव्या रबराचा उग्र वास आला आणि मला कॉलेजचं ओलं मैदान आठवलं.

मी वडगावच्या विणकराची पोर. माझ्या पायात गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट असायचे. पद्मा निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची मुलगी, तिच्याकडं तळाला खुंट्या असलेले स्टडचे बूट होते. विद्यापीठाच्या संघात आम्हा दोघींपैकी एकीलाच घेणार होते. चेंडू घेऊन पद्मा जागच्या जागी गर्रकन वळायची. मी तिच्यामागं वळायला गेले की चिखलात आडवी. त्या वळण्याचा मला इतका हेवा वाटायचा की जेवण गोड लागायचं नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर तीच म्हणाली, "माझे घालून बघ की गं. तुझे दे मला."

बूट घातले आणि पाय जमिनीत रुतून बसले. मी डावीकडं झुकले, उजवीकडं वळले, तरी तोल जाईना. पद्मा अडवायला आली आणि पायातल्या माझ्या गुळगुळीत बुटांमुळं घसरून पडली.

"अगं, तू लई भारी वळतीस की!" चिखलात बसूनच ती खळखळून हसली.

मला हसू आलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, असं मानून मी आजवर मनाची समजूत घातली होती. आता ती समजूतही गेली; फरक बुटांचाच होता. मी नाड्या सोडल्या आणि बूट तिच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी निवड तिचीच झाली.

आज वाटतं, जे मला कळलं ते पद्मालाही त्याच क्षणी कळलं असणार. तरी ती हसली. त्या हसण्याचा मला अजून हेवा वाटतो.