राजश्रीचं पोट आणि गंगूची शेगडी

सानपाडा गावात गंगूच्या हातचा शेक घेतला नाही अशी बाळंतीण शोधून सापडायची नाही. तिचं तरुणपण मिठागरात गेलं आणि पुढचं आयुष्य बायांची पोटं बांधण्यात. शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि जुन्या लुगड्याचा पट्टा, एवढ्यावर निम्मं गाव आपण उभं केलं असं ती सांगायची. त्यात फारसं खोटंही नव्हतं.

तिची सून राजश्री गावच्या बाजारात मासळी विकायची. दोन्ही मुलं सिझेरियननं झाली आणि पोटाचे स्नायू असे फाकले की ओल्या जाळ्यासारखं पोट पुढं लोंबू लागलं. पाटी उचलली की कंबर धरायची. तेही सोसलं असतं. पण कोळंबी निवडता निवडता गिऱ्हाइकं विचारायची, "कितवा महिना गं?" चाळिशी उलटलेल्या बाईनं याचं उत्तर द्यायचं तरी किती वेळा? शेवटी वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडून तिनं स्नायू शिवून घेतले, वरची लोंबती कातडी काढून टाकली आणि पट्टा आवळून घरी आली.

घरी आली ती शेजारणींच्या तावडीत सापडली.

"पोट गेला, मंग बाल कुठं हाय गो?" एकीनं दारातूनच विचारलं.

राजश्रीला हसू आलं आणि टाके असे ओढले गेले की हसण्याचं रडू झालं. पोटाशी उशी दाबून ती ओरडली, "हसवू नका गो! देवाची शपथ हाय तुमाला!" त्यावर तर सगळ्या आणखीच हसल्या.

उठली तर कमरेत वाकून चालायचं, झोपली तर गुडघ्यांखाली उशा. दुखणं खाडीच्या पाण्यासारखं हळूहळू चढायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी वेळच्या वेळी घ्या, दुखणं चढायची वाट बघू नका. दुखणं दबलेलं राहिलं तरच नीट श्वास घ्याल, चार पावलं चालाल. पण गंगूनं गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात दडवली.

"दुखना अंगात जिरवाचा, पोरी. मी चार पोरा काढली, एक गोली नाय खाल्ली."

"आये, मी पोर नाय काढला. पोट शिवलाय."

"पोट ता पोटच. शेक दिला का बसल जागेवर."

"शेक नको! गरम काय पन लावायचा नाय, बाईंनी सांगितलाय."

"तुझी बाई कालची पोर."

राजश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. सूरज शहर बस चालवायचा. रोज शेकडो माणसांना वाट दाखवणारा हा गडी घरात मात्र दोन्हीकडं मान हलवायचा. "आई म्हनते ता पन बरोबर," तो म्हणाला, "न तू म्हनतेस ता पन." राजश्रीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यानंही पोट दुखलं.

त्या दिवशी गोळी चुकली. दुपारी दुखणं गळ्याशी आलं, श्वास वरच्यावर अडकू लागला. वाकत वाकत ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली, सासूच्या दडवायच्या नेहमीच्या जागी, तांदळात, हात खुपसून पाकीट काढलं, गोळी गिळली आणि पडून राहिली. बऱ्याच वेळानं डोळा लागला.

जाग आली ती ओव्याच्या वासानं. पट्टा सोडलेला, गंगू उशाशी बसलेली आणि बेंबीखाली फडक्यात बांधलेली गरम पुरचुंडी.

"आये!" राजश्रीनं पुरचुंडी भिरकावली. खालची कातडी लालबुंद झाली होती.

"चटका लागला नाय, तर वरडतेस कशाला?"

"लागत नाय म्हनूनच वरडतंय! तिथं जीवच नाय अजून. भाजून गेली असती तरी मला कललं नसतं!"

गंगूला पटेना. तिनं टाक्यांपासून लांब, लाल जागेच्या कडेला बोटानं दाबलं. "लागतंय?" "नाय." चिमटा काढला. "आता?" "नाय गो आये, नाय." म्हातारीचा हात तिथंच थांबला. इतक्या बाया शेकल्या, पण शेक न कळणारं पोट तिनं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दोघी वाशीला गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जखम तपासली. फोड आला नव्हता, टाके शाबूत होते. "थोडक्यात वाचलात," त्या म्हणाल्या आणि गोळीची गोष्ट पुन्हा समजावू लागल्या. गंगू कोऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती. तेव्हा राजश्रीच म्हणाली, "आये, मिठागराचा बांध तुमी कवा घालायच्या? उधाण आल्यावर?"

"उधाण आल्यावर कोन येडा बांध घालील?" गंगू फणकारली. मग तिनं सुनेच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेऊन कनवटीला खोचलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण शेक द्यायला आली तर गंगू दारात आडवी उभी. "हात लावू नको. तिथं जीव नाय."

दुपारी राजश्रीला कधी नव्हे ती गाढ झोप लागली. दुखणं ओहोटीला गेलं होतं. तेवढ्यात कुणीतरी तिचा खांदा गदागदा हलवला.

"ऊठ. गोलीची वेल झाली."

"आये, आताच झोपले गो!"

"झोप मागून. आधी बांध घालाचा."

गंगूच्या एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात पाकीट होतं. राजश्रीनं उशी पोटाशी घट्ट धरली, कारण आता हसू येणार होतं.